खराटा दिला, प्रश्न विचारायला शिकवले नाही

राळेगणसिद्धीला महाविद्यालयांच्या सहली वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. बंधारे पाहायचे, श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी ही पंचसूत्री वहीत उतरवायची आणि गाडीत बसायचे. पाणी अडवल्याने पारनेर तालुक्यातले हे दुष्काळी गाव सावरले, हे कोणी नाकारत नाही. पण दारुड्याला खांबाला बांधून मारणे हा आरोग्याचा धडा म्हणून विद्यार्थ्यांनी शिकायचा काय? दलितांना या आदर्श गावात सामावून घेताना शाकाहाराचा संस्कारही त्यांच्यावर आला, हे मुकुल शर्मा यांनी आपल्या अभ्यासात मांडले आहे. गरिबाच्या ताटातले मटण काढायचे आणि वर कुपोषणावर व्याख्यान झोडायचे! दारूबंदीसाठी संविधानाचे कलम ४७ नेहमी पुढे केले जाते. त्याच कलमात दारूबंदीच्या आधी पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य ही राज्याची प्राथमिक कर्तव्ये म्हणून लिहिली आहेत. तेवढे वाचायचे मात्र राहून जाते.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबीर 'दत्तक' गावात भरते. (दत्तक अनाथाला घेतात, गाव कुणाचे अनाथ?) शाळेत मुक्काम, सकाळी ग्रामसफाई, एखादी आरोग्य तपासणी, समारोपाला पुढारी. या शिबिरांत आपलीही मुले-मुली असतात. ज्यांच्या आजोबांच्या हातून खराटा सुटावा म्हणून बाबासाहेब झटले, त्यांच्याच हाती सेवा म्हणून पुन्हा खराटा! बौद्धवाड्यातल्या हापशाला पाणी येते का, आशाताई तिथवर पोहोचते का, कोणाचे बाळंतपण घरीच झाले आणि का झाले, हे विचारायला त्यांना कोण शिकवतो?

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दुसरी वाट दाखवली. गावातल्या निरक्षर बायांना, त्यांत दलित बायांनाही, त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, जुलाब, लहान मुलांचे वजन या बाया सांभाळू लागल्या. हातपंप दलित वस्तीत बसवले. सवर्णांना पाणी हवे तर तिकडे यावे लागे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा प्रश्न इथे आरोग्यसेवेच्या कामात उतरला. आशा योजना सरकारला सुचली ती २००५ साली.

२०२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनाही गावातली कुटुंबे नेमून दिली जात आहेत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे: ही कुटुंबे कोणत्या वस्तीतली आहेत?