चार श्वास आणि सोयाबीन

हल्ली हिंगोलीकडेही मूड मोजायची शिबिरं भरतात. पडद्यावर पाच पिवळे चेहरे, समोर कोटातले भावनातज्ज्ञ: ‘आत्ता तुमच्या आत काय चाललंय?’ साहेब, दुपारचा एक वाजलाय. भूक चाललीय.

मला मूड ओळखण्याचं वावडं नाही. राग येतोय हे तोंड उघडायच्या आधी कळलं, तर कितीतरी संसार वाचतील. सॅलोवे आणि मेयर यांनी १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, १९९५मध्ये गोलमन यांच्या पुस्तकानं ती घरोघर नेली. आमच्यापर्यंत झिरपलं ते एवढंच: राग ओळखा, चार श्वास घ्या, सोडून द्या. राग कशाचा, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर!

आणि हे शिकवायचं कुठे, तर नर्सी नामदेवच्या जिल्ह्यात. गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. चार श्वास? छे! नामदेव तक्रार घेऊन थेट विठ्ठलाकडे. त्यानं धाडलं औंढ्याला, तर तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून आडवे. पुन्हा संताप! विसोबांनी ‘शांत हो बाळा’ म्हटलं नाही. देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव, म्हणाले. पाय उचलता उचलता नामदेवांना आपल्या रागाचं मूळ सापडलं: भक्तीचा माज. आज विसोबांना अभिप्राय-फॉर्मवर पाचांत एकच तारा मिळाला असता.

पण सगळ्याच रागाच्या मुळाशी माज नसतो. २०२४-२५मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. मोंढ्यात माल त्याखाली गेला. त्या शेतकऱ्याला आपला राग नीट ओळखता येतो, तारीख-वार-दरासकट. त्याला डोळे मिटायला सांगता? मिटले तरी काट्यावरचा आकडा दिसतोच.

तज्ज्ञांचं मानधन महिनाभर रखडू द्या, मग बघा. श्वास आठवत नाहीत, बिल आठवतं. योग्यच आहे, रागाला कारण आहे! मग हीच सवलत सोयाबीनवाल्याला का नाही?

खरंच मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानसचा १४४१६ फिरवा. ते फुकट आहे आणि त्यात लाज कसली? बाकी शिबिरवाल्यांनो, रागाचं कारण विचारायची हिंमत नसेल तर हॉलचं भाडं वाचवा आणि मोंढ्यात एक शेड बांधा. माल तरी भिजणार नाही.