रचना दिसते, पण रचनाकार सिद्ध होत नाही

माळरानावर घड्याळ सापडले तर ते कोणीतरी घडवले असणार, हे कोणीही मान्य करील. मग घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचा डोळा कर्त्यावाचून कसा झाला? विल्यम पेली या इंग्लिश धर्मोपदेशकाने १८०२मध्ये मांडलेला हा युक्तिवाद आजही मनाची पकड घेतो. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डार्विननेही पेली आवडीने वाचला होता. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. अडचण अशी की, हा युक्तिवाद सजीवांमध्ये जे सफाईदार आहे तेवढेच पाहतो. जीवसृष्टीचा इतिहास मात्र तिच्यातल्या उणिवांतून आणि मोडतोडीतून अधिक स्पष्ट वाचता येतो.

क जीवनसत्त्वाचेच उदाहरण घ्या. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या यकृतात तयार करतात. आपल्याला ते अन्नातून मिळवावे लागते आणि मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो. ते तयार करण्याच्या शेवटच्या टप्प्याला लागणारे जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. चिंपांझी, गोरिला आणि माकडांमध्येही ते मोडलेलेच आहे आणि त्या बिघाडाच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनी पिगमध्येही हे जनुक निकामी आहे, पण तिथली मोडतोड वेगळी आहे. यावर निर्मितीवादी म्हणतात की, एकाच कर्त्याने एकच भाग अनेक ठिकाणी वापरला, म्हणून साम्य दिसते. चालू स्थितीतल्या भागांपुरते हे उत्तर ऐकून घेता येईल. पण दोन उत्तरपत्रिकांत एकसारख्या चुका आढळल्या तर परीक्षक दोघांचा उगम एकच मानतो. निकामी जनुकातल्या समान बिघाडाचा सरळ अर्थ तोच आहे: तो समान पूर्वजाकडून आला. ‘कर्त्याचा हेतू आपल्याला कळत नाही’ असे म्हटले की वाद संपतो खरा, पण त्याबरोबर पडताळणीची शक्यताही संपते.

निर्मितीवादाचा नवा अवतार म्हणजे ‘बुद्धिमान रचना’. मायकेल बिही या जीवरसायनशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, काही जिवाणूंच्या शेपटीतला, म्हणजे कशाभिकेतला, एकही भाग काढला तर ती चालत नाही; म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडणे अशक्य. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील डोव्हर इथे शाळा मंडळाने हा विचार जीवशास्त्राच्या वर्गात आणला, तेव्हा पालक न्यायालयात गेले. जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी तिथे दाखवून दिले की, कशाभिकेतल्या काही प्रथिनांसारखीच प्रथिने दुसऱ्या जिवाणूंमध्ये विष टोचण्याच्या यंत्रणेत काम करतात. म्हणजे अपुरी यंत्रणा निरुपयोगी नसते. ती वेगळ्या कामाची असू शकते. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी बुद्धिमान रचना हे विज्ञान नसल्याचा निकाल दिला. मिलर श्रद्धावान कॅथलिक आहेत. उत्क्रांती मानली की देव सोडावा लागतो, ही भीती बाळगणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?’ हा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तो जाहीरपणे मांडला होता. पण आजचे माकड आपला पूर्वज आहे, असे उत्क्रांती सांगतच नाही. त्याचे आणि आपले पूर्वज एक, एवढेच ती सांगते. आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याबद्दलही भाकीत करून ते तपासता येते. मासे आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडायला हवा, असा हिशेब करून संशोधक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात शोधत राहिले. २००४मध्ये त्यांना टिक्टालिक सापडला: खवले आणि पर माशाचे, मान आणि मनगटासारखी हाडे मात्र जमिनीवरच्या प्राण्यांकडे झुकणारी. बुद्धिमान रचनेच्या विचाराने असे कोणते जीवाश्म कुठे शोधावेत, हे आजवर सांगितलेले नाही.

म्हणूनच एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तो निर्णय चुकीचा आहे. ओझे कमी करण्याचे कारण दिले गेले आणि बारावीत विषय आहेच, असेही सांगितले गेले. पण दहावीनंतर असंख्य मुले जीवशास्त्राकडे पुन्हा वळतच नाहीत. २०२३मध्ये १,८००हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी याविरुद्ध पत्र लिहिले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे. ते तिथे राहिले पाहिजे आणि एनसीईआरटीच्या पुस्तकातही परत आले पाहिजे.