हिरव्या कार्डाचा हिशेब

हॉटेलच्या न्हाणीघरात टॉवेलाशेजारी एक छोटेसे कार्ड ठेवलेले असते. पृथ्वी वाचविण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा, अशी त्यावर पाहुण्याला विनंती असते. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ साली याच कार्डावर टीका करताना ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द रूढ केला. धुलाईचा खर्च मालकाचा वाचणार आणि पुण्यही त्यालाच लाभणार, हे त्याने ओळखले होते.

आता व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांना हॉटेल-कामगाराची आठवण झाली आहे. कंपनीने सामाजिक उत्तरदायित्वाची कामे केली की कामगाराला तिचा अभिमान वाटतो, आणि मग तो आपण होऊन दिवे मालवितो, पाणी जपतो, कचरा वेगळा करतो, असा सिद्धान्त मांडला जातो. कामगाराचे मन कसे वळवावे, एवढाच त्यांचा प्रश्न! त्याच्या हाताशी वेळ किती, हे कोणी विचारीत नाही.

स्टारवुड या हॉटेल-साखळीने २००९ च्या सुमारास अमेरिकेत एक योजना आणली. खोलीची रोजची सफाई नाकारणाऱ्या पाहुण्याला पाच डॉलरचे कूपन किंवा सवलतीचे गुण मिळत. पाणी आणि वीज यांची बचत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या कामाचे तास घटले. तीन-चार दिवस न झाडलेली खोली साफ करायला दुप्पट कष्ट पडत, खोल्यांचा ठरलेला आकडा मात्र तोच राही. साचलेला मळ काढण्यासाठी अधिक तीव्र रसायने वापरावी लागतात, अशीही त्यांची तक्रार होती. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या योजनेची ही गंमत पाहण्यासारखी आहे. पुढे २०१६ साली मॅरियटने स्टारवुड विकत घेतली, आणि २०१८ साली अमेरिकेतील आठ शहरांत मॅरियटच्या हॉटेल-कामगारांनी संप केला. एकट्या सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे अडीच हजार कामगार दोन महिने बाहेर होते. वेतनाच्या जोडीला ही ‘हिरवी’ योजनाही वादाचा विषय होती.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. आपल्याच नोकरांच्या हितासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. हे योग्यच आहे. कामगाराचे देणे हा दानधर्म नव्हे. परंतु परिणाम असा की, वृक्षारोपणाची छायाचित्रे अहवालात झळकतात, आणि धुलाईघरातल्या कंत्राटी कामगाराने वाचविलेल्या पाण्याचे श्रेयही कंपनीच घेते.

म्हणून हा विषय व्यवस्थापनाच्या शिबिरांवर सोडून चालणार नाही. हॉटेल-कामगारांच्या पुढील मागणीपत्रात पर्यावरणाचे स्वतंत्र कलम असावे: बचतीच्या योजनेमुळे कोणाचा एकही तास कापला जाऊ नये, न झाडलेल्या खोलीमागे खोल्यांचा आकडा कमी व्हावा, रसायनांची निवड कामगारांच्या संमतीने व्हावी आणि पाणी-विजेच्या बचतीचा हिशेब युनियनला दाखविला जावा.