दुसरा ओटीपी कोणाचा?

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये रोज जाणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षातही नसतं की आपण मुळशी तालुक्यात कामाला जातो. मुळशी म्हटलं की धरण आणि ताम्हिणीचा पाऊस आठवतो. पण देशोदेशीच्या कंपन्यांचे सर्व्हर आणि लॉगिन जिथे बसून सांभाळले जातात, तो भागही मुळशीच. माझंही काम तेच. माणूस लॉगिन का करू शकत नाही, हे शोधण्याचा मला पगार मिळतो.

या कामात पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवतात. सर्व्हर आत घेण्याआधी दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला, तू कोण? दुसरा, तुला हे मिळण्याचा हक्क आहे का? पहिल्यात नापास झालात तर ४०१ क्रमांकाची एरर येते, दुसऱ्यात ४०३. (गंमत म्हणजे ४०१चं नाव ‘अनऑथराइज्ड’ आहे, म्हणजे ‘अधिकार नाही’, अर्थ मात्र ‘ओळख पटली नाही’ असा. पहिल्या पाटीवरच घोटाळा.) हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की सिस्टिम चुकीच्या माणसाला बाहेर ठेवते आणि का ठेवलं हे कोणालाच सांगता येत नाही.

हा घोटाळा आपल्या घरापर्यंत आला तो लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीतून. महिना १५०० रुपयांच्या या योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया पात्र आहेत, असं २०२४पासून लिहिलेलं आहे. १८ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने सगळ्यांना दोन महिन्यांत ई-केवायसी सक्तीची झाली. आधी बाईचा आधार क्रमांक आणि तिच्या मोबाइलवर ओटीपी. तिथे तिची ओळख पटली, पहिला प्रश्न संपला. मग फॉर्म नवऱ्याचा, लग्न झालं नसेल तर वडिलांचा आधार क्रमांक मागतो. आणि त्यांच्या मोबाइलवर दुसरा ओटीपी.

हा दुसरा ओटीपी ओळखीसाठी नव्हताच. तो होता कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासण्यासाठी. म्हणजे प्रश्न हक्काचा, पण विचारला ओळखीच्या खिडकीवर. आणि उत्तराची किल्ली दिली एका पुरुषाच्या खिशातल्या फोनला.

तपासणी नको असं माझं म्हणणं नाही. या योजनेचे पैसे पुरुषांनीही घेतल्याचं २०२५मध्ये उघड झालं, तेव्हा चाळणी हवीच. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकलंय, तिने त्यालाच फोन करून ‘आलेला नंबर सांग’ म्हणायचं? तो सांगेल का? सांगितला तर बदल्यात काय मागेल?

ओरड झाल्यावर १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोट झालेल्या स्त्रियांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत द्यावी, अशी वाट काढली गेली. चांगलं झालं. पण आपल्या मोहल्ल्यात जरा डोळे उघडे ठेवून बघा. फोनवर तीनदा तलाक म्हणून माणूस निघून गेला. २०१९च्या कायद्याने तो तलाक बेकायदा आणि रद्दबातल, म्हणजे कागदावर ती आजही त्याची बायको. घटस्फोटाचं प्रमाणपत्र येणार कुठून? कोर्टाबाहेर झालेल्या तलाकचा कागदही अनेकींच्या हातात नसतो. १९३९च्या कायद्याखाली ती कोर्टात जाऊ शकते. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा दोन वर्षं खर्ची देत नसेल तर निकाह मोडून मिळतो. पण मुदत होती ३१ डिसेंबरची. योजनेच्या यादीतली ‘परित्यक्ता’ फॉर्ममध्ये कुठे बसवायची, हे कोणी ठरवलंच नाही.

त्याच डिसेंबरात वक्फ मालमत्तांच्या ‘उमीद’ पोर्टलचीही मुदत संपत होती. सर्व्हर हळू आहे, अपलोड होत नाही, यावर आपण पुष्कळ बोललो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ डिसेंबरला न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली, पण वक्फ न्यायाधिकरणाची वाट दाखवली. मुतवल्लींना निदान दाद मागायला एक जागा होती. या बाईसाठी आपल्यातलं कोण कुठे गेलं? आपल्या जमातींना मालमत्तेचा पोर्टल दिसतो, टाकलेल्या बाईचा दिसत नाही, हे मला नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

लॉगिनच्या कामात एक वाईट सवय असते, आधी वापरणाऱ्याला दोष द्यायचा. मी स्वतः हे केलंय. एका जुन्या नोकरीत लोक सांगायचे, ‘कधी लॉगिन होतं, कधी होत नाही.’ आम्ही दोन दिवस त्यांना पासवर्ड बदलायला लावत होतो. शेवटी लॉग उघडला. तीन सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ काही मिनिटं मागे होतं. बाकीच्या दोघांनी दिलेला पास त्याला भविष्यातला वाटायचा आणि तो नाकारायचा. पासवर्ड सगळ्यांचे बरोबर होते.

ई-केवायसीतही तेच झालं. घरात कोणी सरकारी नोकरीत नाही ना, अशा धाटणीच्या नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, यात असंख्य जणी गोंधळल्या आणि कागदोपत्री सरकारी नोकरवाल्या ठरल्या. नंतर अंगणवाडी सेविकांना दारोदार पाठवून ते निस्तरावं लागलं. अडाणी बायका नव्हत्या, वाक्यच वाईट होतं.

आणि नावाचं स्पेलिंग! शेखचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, बँकेत दुसरं, की चाललो सेतू केंद्रात. वेब ज्या मानकावर चालतं त्यात ‘रेफरर’ हा इंग्रजी शब्द एक ‘आर’ गाळून छापला गेला. १९९६च्या दस्तऐवजात ती चूक आहे, आणि आजही जगातला प्रत्येक सर्व्हर तीच मुकाट्याने स्वीकारतो. मानकाची चूक जगाने सांभाळून घेतली. बेगम आणि बी यांतला फरक मात्र संगणकाला चालत नाही.

हिंजवडीत काम करणाऱ्या मुलामुलींनो, लॉग आपल्या हातात नाही, पण लॉग कसा वाचतात हे आपल्याला येतं. पौडला, पिरंगुटला किंवा तुमच्या मोहल्ल्यात एक रविवार बसा. कोणाचा फॉर्म अडला, किती वाजता, कितव्या पायरीवर, पडद्यावर काय आलं, याचा स्क्रीनशॉट घेऊन तारखेसकट नोंद करा. तिचा आधार क्रमांक आणि ओटीपी मात्र स्वतःकडे ठेवू नका, एकदाही नाही. मग १० रुपये भरून माहिती अधिकारात महिला व बालविकास विभागाला अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जात एवढंच विचारा: मुदत संपेपर्यंत किती स्त्रियांचा स्वतःचा ओटीपी यशस्वी झाला आणि अर्ज दुसऱ्या ओटीपीवर थांबला? जिल्हावार आकडा द्यावा.