पक्षीसप्ताहाच्या फेऱ्या आखणाऱ्यांना जाहीर आवाहन



5 ते 12 नोव्हेंबर हा आपला पक्षीसप्ताह. सुरुवातीला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटी सालिम अलींचा. या आठवड्यात तलावांवर, टेकड्यांवर, खाडीकाठी फेऱ्या निघतील आणि फोटोंत पुढच्या रांगेत मुली हसताना दिसतील. त्यातल्या किती जणी डिसेंबरात त्याच तलावावर पुन्हा आपल्या आपण जातात? फार थोड्या. का, हे कोणी विचारत नाही. ‘आवड टिकली नाही’ असं परस्पर ठरवून आपण मोकळे होतो.

आवड असते हो. अडचण निराळी आहे. दुर्बीण डोळ्याला लावली की आजूबाजूचं काही दिसत नाही, आणि वटवट्या नेमका कुठल्या झुडपात बोलतोय याकडे कान लागले की मागची पावलंही ऐकू येत नाहीत. पुरुषाला असं हरवून जाणं परवडतं. बाई मात्र दर दोन मिनिटांनी दुर्बीण खाली करून मागे पाहते, आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो.

प्रसंग नेहमीचाच आहे. नदीकाठी एक जण चक्रवाक मोजत उभी असते. एक मोटारसायकल येऊन थांबते. वरचे दोघं उतरत नाहीत, इंजिनही बंद करत नाहीत. ‘काय बघताय मॅडम? आम्हालाबी दाखवा की.’ यात गुन्हा म्हणावा असं काहीच नाही. कदाचित कुतूहलही खरंच असेल. पण ते ठरवत बसायला तिला तिथे वेळ नसतो. ती मोजणी अर्धवट टाकून निघते. तिने निघावंच, उत्तर न देता निघावं, उद्धट ठरली तरी चालेल. आणि तिने हे सांगितल्यावर ‘अगं, पण त्यांनी केलं तर काही नाही ना?’ हे वाक्य आपल्यापैकी कोणीही उच्चारू नये, एवढी पहिली विनंती.

दुसरी विनंती जरा झोंबेल. धोका नेहमी बाहेरच्यांकडूनच येतो असं नाही. ‘शृंगी घुबडाचं घरटं दाखवतो, पण कोणाला सांगू नकोस, एकटीच ये’ हे बोलणारा बहुधा आपल्याच गटातला, नाव असलेला, मोठी लेन्स बाळगणारा असतो. घरट्याची जागा गुप्त ठेवणं हा आपला चांगला नियम आहे. त्याच्या आडून कोणी मुलींना एकटं बोलावत असेल तर गटाने त्याला स्पष्ट विचारावं. तक्रार कोणाकडे करायची, ते नाव फेरीआधीच जाहीर असावं, आणि ती व्यक्ती शक्यतो बाई असावी. उलट मासेमारी करणारे, मेंढपाळ, भिगवणचे नावाडी यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय सोडू या. रोज काठावर असणाऱ्या माणसांशी ओळख असणं ही तिथली सर्वांत भरवशाची सोबत आहे.

फीबी स्नेटसिंगर या अमेरिकन बाईंनी जगातल्या आठ हजारांहून अधिक पक्षिजाती पाहिल्या. 1986 मध्ये पापुआ न्यू गिनीत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तरीही त्या थांबल्या नाहीत. 1999 मध्ये मादागास्करला अपघाती मृत्यू आला तोही पक्षी पाहायला गेल्या असतानाच. त्यांचं धैर्य मोठंच. पण असं धैर्य ही आपल्या फेरीला येण्याची अट होऊ नये.

ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्याजवळ बोपदेव घाटात तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हाही टेकड्या-घाट अंधारानंतर बंद करा, नाहीतर दिवे लावा, अशा सूचना आल्या. टेकडी बंद केली की बायकाही बाहेरच राहतात. आणि प्रखर दिव्यांनी रातव्यासारख्या निशाचर पक्ष्याची टेकडी मोडते, हे आपल्याला तरी सांगायला नको. मागायचीच तर पहाटे आणि तिन्हीसांजेला माणसांची गस्त मागा.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी उपदेश थोडकाच. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड संकेतस्थळावरची यादी आणि ‘आत्ता इथे आहे’चे फोटो घरी पोचल्यावर टाका. मात्र घरच्या एका माणसाला जागा आणि परतायची वेळ आधी सांगून ठेवा. अडचण आली तर 112. जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक किंवा मैलाचा दगड सांगता आला तर मदत लवकर पोचते. वनक्षेत्रात वनखात्याचा 1926 आहे. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. ‘तो तलाव आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

बाकीचं काम आयोजकांचं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि आपण लोकांना साडेपाचला निर्जन फाट्यावर बोलावतो! थापट्या बदकं सातला पाण्यात असतात तशी आठलाही असतात. शौचालयाचं तर कोणी नावच काढत नाही. तलावावर सहा तास काढायचे म्हणून बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, आणि एखादीला आडोसा शोधत गटापासून लांब जावं लागतं, तेही एकटीने. वाटेतल्या पेट्रोल पंपावर, गावच्या शाळेत आधी चौकशी करायला एक फोन पुरतो.

म्हणून यंदाच्या प्रत्येक फेरीच्या पत्रकात पक्ष्यांच्या यादीच्या वर एवढं छापा: भेटण्याची जागा बसथांब्याजवळची आणि वर्दळीची, वेळ उजाडल्यानंतरची, शौचालय कुठे आहे, परतीची बस किती वाजता, सोबत असणाऱ्या दोन स्त्री-संयोजकांची नावं, तक्रार कोणाकडे करायची. आणि हो, शेवटची मुलगी बसमध्ये बसेपर्यंत संयोजकांनी निघायचं नाही, हेही.

आपली,
एक पक्षीनिरीक्षक