तक्रार कोणाकडे न्यायची?

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी नेता भूपतीने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत आपल्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. मोठी गोष्ट झाली. पण हे लोक चार दशकं तिथे टिकले कसे, हा विषय त्या दिवसानंतर कुणी काढलेला दिसत नाही.

१९८०च्या सुमारास नक्षलवाद्यांची पहिली पथकं, म्हणजे दलमं, सिरोंचा-अहेरीकडे उतरली, तेव्हा तिथल्या माडिया आदिवासी माणसाला माओ ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होता जंगलातला गार्ड. नांगराला लाकूड तोडलं, काढ कोंबडी. दलमने त्या गार्डाला दटावलं. मग विडीच्या तेंदूपानांचा भाव. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी बसून मोजून बांधायची आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ठेकेदार देईल ते घ्यायचं. दलमने तो भाव वाढवून घेतला. लोकमान्यता आली ती पोथीतून नव्हे, पुड्यामागच्या पैशांतून.

पुढे त्याच ठेकेदाराकडून दलम स्वतःचा हिस्सा उकळू लागलं. रात्री घरातून माणूस उचलायचा, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि शेजारी 'पोलिसांचा खबऱ्या' असं पत्रक. मरणारा बहुतेकदा आदिवासीच. तरीही गाव गप्प राहायचं, भात रांधून द्यायचं. सरकारी कागदांत त्याला 'समर्थन' म्हणत. भीती आणि मान्यता दुरून सारख्याच दिसतात, हे मात्र खरं.

बंदुकीशिवाय हक्क मिळाल्याचं दुसरंही उदाहरण आपल्याकडे आहे. वनहक्क कायदा २००६चा. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९मध्ये. स्वतःचा बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती पडायला मात्र एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी दिल्लीहून केंद्रीय मंत्री यावे लागले! एका पुस्तकासाठी.

आज अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात. ठेकेदाराने पैसे बुडवले तर पूर्वी लोक कुणाकडे जात, हे आपल्या गृहखात्याला तोंडपाठ आहे. आता कुणाकडे जायचं? एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची इथे येत्या हंगामाआधी एकेक माणूस बसवा, ज्याच्या सहीने ठेकेदाराची अनामत रोखता येईल. त्याला गोंडी-माडिया येत असेल तर फारच बरं.

आपला,
एक नागरिक