फुकट म्हणजे टाकाऊ नव्हे

करार संपलेला खेळाडू म्हणजे दुसऱ्याच्या घरातली अडगळ, हा समज बाळबोध आहे. १९९५ च्या बोसमन निकालामुळे युरोपात अशा खेळाडूसाठी जुन्या क्लबला छदामही द्यावा लागत नाही. पण किंमत शून्य झाली म्हणून मूल्यही शून्य होते काय?

२०११ मध्ये मिलानने ३२ वर्षांच्या आंद्रेआ पिर्लोला जाऊ दिले. सलग दोन हंगाम सातव्या क्रमांकावर खितपत पडलेल्या युव्हेंटसने त्याला घेतले आणि २०११-१२ चे इटालियन विजेतेपद एकही सामना न हरता पटकावले. श्रेय अर्थातच त्या एकट्याचे नव्हे. प्रशिक्षक कॉन्ते होते, अथक धावणारे विदाल आणि मार्किझिओ होते. परंतु मधल्या फळीत जी दृष्टी हवी होती, ती पिर्लोपाशी होती.

धडपडणाऱ्या संघाने नावाचे वलय पाहू नये, जन्मतारीखही पाहू नये. आधी स्वतःची उणीव नीट वाचावी. माणूस मग शोधावा.